परत येण्याचं कारण

"पण तुम्ही परत याल याची खात्री काय, मावशी?"

दूतावासाच्या व्हिसा खिडकीत बसून सकाळपासून हाच प्रश्न विचारून सेरवाच्या घशाला कोरड पडली होती. काचेपलीकडची पोमा नखशिखांत काळ्या कपड्यांत होती. कुमासीहून घानाच्या राजधानीत, आक्राला, बसनं आलेली, अंग आंबून गेलेलं. लेक परदेशात बाळंत व्हायची होती. तिला भेटून येण्यापुरता पर्यटक व्हिसा हवा होता. दोनदा नकार मिळाला होता. शेत नाही, पगार नाही. अशी माणसं तिकडेच राहतात, असं दूतावासाचं म्हणणं.

सेरवाचाही जीव टांगणीला लागला होता. तिच्या शिफारशीवर गेलेले दोन पर्यटक गेले ते गेलेच. "आणखी एक पळाला तर तूही घरी बस," परदेशी साहेबानं बजावलं होतं. घरी बसली असती तर भावांच्या शिक्षणावर पाणी पडलं असतं.

"म्हातारा गेला माझा," पोमा म्हणाली. "शवागारात ठेवलाय."

तिनं गुंडाळी उलगडून पोस्टर काचेला लावलं. सुटाबुटातला म्हातारा, वर ठसठशीत अक्षरांत 'प्रभूचं बोलावणं आलं', खाली दफनाची तारीख. ती अजून तीन महिने लांब होती.

"एवढ्या उशिरा?"

"घराला रंग नको द्यायला? मंडप, वाजंत्री, सगळ्या गावाचं जेवण. घाईत पुरला तर नणंद मला जन्मभर टोचून खाईल. तू आमच्याकडचीच दिसतेस, तुला काय सांगायचं!"

सेरवाला दिवसभरात पहिल्यांदाच हसू आलं. काकाच्या घराचं छप्पर होईपर्यंत तिचा आजोबाही असाच शवागारात थांबला होता. साहेबाला हे सगळं अघोरी वाटायचं. सेरवाला मात्र माहीत होतं, नवऱ्याला बर्फात ठेवून कुठलीच बाई परदेशात रमत नाही. शेतीवाडी आणि बँकेतले पैसे याच्यापुढे काहीच नव्हते.

"देव त्यांना शांती देवो, मावशी. आत बाकावर बसा. संध्याकाळपर्यंत पासपोर्ट हातात मिळेल."

पोमानं काचेवर नुसता तळवा टेकवला. सेरवाचे डोळे भरून आले.

साहेबानं कुरकुरत का होईना, पण सही केली. व्हिसा चिकटवून झाला तसं सेरवाला भुकेचं भान आलं. ती फाटकाबाहेरच्या टपरीवर केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा उंडा, आणि तळलेला मासा घेऊन बसली. बाकावरचा एक म्हातारा सरकला. अंगात मळका सदरा, पायांत रबरी चपला.

"पोरी, तू आतलीच ना? आमची पोमा आत गेलीय बघ, काळ्या कपड्यांतली. मला म्हणाली, इथंच बस, फाटकाकडे फिरकू नकोस. उपाशी बसलोय गं सकाळपासून. झालं का तिचं काम?"

सेरवाचा घास हातातच राहिला.

"तुम्ही... तुम्ही कोण त्यांचे, आजोबा?"

"कोण म्हणजे काय? नवरा!"