वाकडा चिमटा

तफीदाच्या काळ्या झग्याखाली तुपाचा डबा आहे, हे आंधळ्यालाही कळलं असतं. बाई एका बाजूला कलली होती आणि भर दुपारी भिंतीच्या कडेकडेने चालली होती. मागून तिची माहेरी आलेली लेक राविया डोक्यावर पिठाचं पोतं घेऊन, त्यावर झाकायला टाकलेल्या घासाच्या चार पेंढ्या सावरत येत होती. म्हणजे म्हशीचा चारा! तफीदाने म्हैस विकून वर्ष झालं होतं.

उंबऱ्यावर मसूर निवडत बसलेल्या शौकीच्या आईने हाक मारली, "कुठं निघाल्या गं मायलेकी?"

"बहिणीच्या गावाला," तफीदा म्हणाली. "तिला बरं नाही."

"मग तिला घास खायला घालणार आहेस?"

रावियाला फसकन हसू आलं. तफीदाने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

ईद तीन दिवसांवर आली होती. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी ईदची काहक, म्हणजे पिठीसाखर लावलेली तुपातली बिस्किटं, भाजत नाहीत, आणि शेजार माणुसकीचा असेल तर शेजारीही भट्टी पेटवत नाहीत. एक वर्ष पुरे असतं. पण शौकी कालव्यापलीकडच्या लढाईत पडला त्याला तीन वर्षं झाली, तरी त्याच्या आईची भट्टी थंडच होती, म्हणून गल्लीतली एकही भट्टी ईदला पेटली नव्हती. लोक परगावाहून काहक करून आणायचे आणि दारं लावून खायचे. ईदच्या सकाळी गल्लीतले हाजी बयूमी मिशांना पिठीसाखर लागलेली तशीच घेऊन शौकीच्या आईला शुभेच्छा द्यायला यायचे, आणि ती न पाहिल्यासारखं करायची. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. सगळी गल्ली आपल्या लेकासाठी थांबली आहे, एवढाच तिला आधार होता.

पण रावियाचं लग्न होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पहिल्या ईदला माहेरच्या काहकची टोपली सासरी जावी लागते, आणि ती न्यायची भावाने. रावियाला सख्खा भाऊ नव्हता. तफीदाला दूध आलं नाही तेव्हा शौकीच्या आईने एका मांडीवर शौकी आणि दुसऱ्या मांडीवर राविया घेऊन दोघांना पाजलं होतं; टोपली न्यायची ती याच दूधभावाने. पुढे दोघांनी भावंडांसारखीच एकमेकांची डोकी फोडली.

"टेकव ते पोतं," शौकीची आई म्हणाली. "पोरीची पहिली टोपली, आणि परक्याच्या भट्टीतली नेणार?"

"मग काय करू?" तफीदाचा आवाज चढला. "माझी भट्टी तुझ्या भिंतीला लागून. धूर तुझ्याच अंगणात येणार. मला नाही जमायचं. तू मारलंस तरी नाही जमायचं!"

"आणि टोपली कोण नेणार?"

रावियाने पोतं खाली टेकवलं. मान खाली घालून ती पेंढीतली एकेक काडी मोडत राहिली.

शौकीची आई उठली आणि आत गेली. आपलं बोलणं तिला लागलं, असं वाटून तफीदा डबा सावरून निघू लागली. आत शौकीची आई लाकडी परातीसमोर उभी होती. बातमी आली त्या दिवशी या परातीत कणीक तयार होती. तेव्हापासून तिने परातीला हात लावला नव्हता. भट्टी पेटवली की तो गेला हे आपणच कबूल केल्यासारखं होईल, या भीतीने तिने तीन वर्षं काढली होती. आताही भीती होतीच. पण बाहेर तिचंच दूध प्यायलेली पोर मान खाली घालून उभी होती.

ती परात घेऊन बाहेर आली. परातीत काहकवर नक्षी काढायचा पितळी चिमटा होता.

"तूप उतरव," ती म्हणाली. "तुझी म्हैस आज उपाशी राहू दे."

तफीदा डबा खाली ठेवून झग्याच्या बाहीत तोंड खुपसून रडली. मग डोळे पुसून तिने बाह्या सरसावल्या.

शौकीच्या आईच्या भट्टीतल्या कपाशीच्या पऱ्हाट्या तिसऱ्या काडीला पेटल्या. धूर अंगणातून वर गेला. समोरची खिडकी उघडली, बंद झाली, आणि आत भांडी आपटू लागली. थोड्या वेळाने गल्लीच्या टोकाला दुसरा धूर निघाला, आणि पाठोपाठ हाजी बयूमींच्या घरातूनही निघाला.

"बयूमीची बायको कणीक मळूनच बसली होती वाटतं," शौकीची आई म्हणाली. तीन वर्षांत तफीदाने तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

तिघींचेही रोजे होते, चव घ्यायची सोय नव्हती. भाजलेल्या तुपाच्या वासावरच भरवसा ठेवून त्या काहक वळत राहिल्या. चिमट्याने नक्षी काढायचं काम शौकीच्या आईने आपल्याकडे घेतलं. त्या चिमट्याचे दात वाकलेले होते. सात वर्षांचा असताना शौकीने याच चिमट्याने सायकलच्या चाकातला खिळा उपसला होता आणि त्यापायी मारही खाल्ला होता. तेव्हापासून त्या घरच्या काहकवर रेघ कधी सरळ उठली नाही.

राविया बराच वेळ पाहत होती. शेवटी तिने आपल्या रुखवतातला नवा, चकचकीत चिमटा पुढे केला.

"मोठी आई, हा घे ना. रेघा सगळ्या वाकड्या येतायत. सासरचे हसतील मला."

शौकीच्या आईने तो हळूच बाजूला सारला आणि पुढची काहक हातात घेतली.

"हसू देत," ती म्हणाली. "सांग त्यांना, आमच्या शौकीचं अक्षर पहिल्यापासूनच वाकडं."