रिकामी घडी

दोरीला बांधताना हेमांगीच्या हातांनी झेंड्याची घडी कधी घातली, ते तिचं तिलाच कळलं नाही. परदेशातल्या या स्काउट मेळाव्यात झेंडा उघडाच वर चढवत. गेले सहा दिवस ती तेच बघत होती. आज मान तिचा होता, आणि बार्शीच्या पथकात आठ वर्षं झेंडा तिनेच बांधलेला. हात आपले त्याच वळणाने गेले.

एका गटात एका देशाचा एकच, असा इथला नियम. त्यामुळे तिच्या गटात मराठी सोडाच, हिंदी समजणारंही कुणी नव्हतं. तिचं नावसुद्धा सगळ्यांनी सोयीसाठी 'हेम' करून टाकलं होतं.

झेंड्याचं गाठोडं वर पोचलं, तशा गटप्रमुखाच्या कपाळाला आठ्या पडल्या. हेमांगीने दोरीला हिसका दिला. झेंडा फडकन उलगडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मस्त! तुमच्याकडे असंच करतात?" गटप्रमुखाने इंग्रजीत विचारलं.

"हो. घडीत फुलं ठेवतो."

"मग आज?"

"इथे फुलं तोडायची नाहीत, असा नियम आहे ना."

"शाब्बास, हेम!" तिच्या पाठीवर थाप मारून तो न्याहारीकडे वळला. त्याच्यामागे बाकीचेही गेले.

बार्शीत या वेळी पोरं झेंडूच्या पाकळ्या वेचायला धावायची. हेमांगी खांबाखाली एकटीच उभी राहिली. सवयीने तिने केसांवरून हात फिरवला. एकही पाकळी हाताला लागली नाही.