माळवाघिणीचं शेवटचं पान

"हे मी लिहिणार न्हाई," सहादेव म्हणाला आणि ब्रश पाण्याच्या डब्यात टाकला.

समोर त्याचा जावई बिभीषण जेवायला बसला होता. धोंड्याचा महिना होता. जावयाला जेवू घालायला सासू उरली नव्हती, म्हणून सहादेवनेच पुरण शिजवलं, धोंडे उकडले. निम्मे फुटले. नवी टोपी आणि टॉवेल बिभीषणच्या मांडीवर होते. ताटांपासून लांब, चटईवर ते चित्राचं पान पडलं होतं.

पानावर माळवाघीण उताणी पडली होती. काष्टा सुटलेला, कपाळ फुटलेलं. तिच्या छातीवर लोहबाहूचा लोखंडी बूट. तिच्या तोंडापाशी बोलण्याचा फुगा होता, रिकामा. त्यात अक्षरं सहादेवने काढायची होती. भिंगारच्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्या त्याच्याच हातच्या. लेकीच्या पुस्तकांतली अक्षरंही तोच काढायचा. आज काय लिहायचं ते बाजूला पेन्सिलीने लिहून दिलं होतं. 'मी हरले.'

माळवाघीण लेकीची, दिपालीची; लोहबाहू बिभीषणचा. लग्नाआधीपासून दोघांची चित्रांची पुस्तकं वेगवेगळी निघत. या वेळी दोघं एकाच पुस्तकात आले होते आणि या पानावर माळवाघीण मरणार होती. तिला चेहरा विजयमालाचा होता. दिपालीने पहिल्या पुस्तकापासून आईच काढली होती, हनुवटीवरच्या गोंदणासकट. विजयमाला दिवाळीत गेली.

"मामा," बिभीषण म्हणाला, "दोन हिरो पहिल्यांदा भेटले की मारामारी लागतीच. वाचणाराला तेच पाहिजे असतं. एकाला पडावंच लागतं."

"मग तुमचा पडू द्या."

"माझा लोखंडाचा हाय."

"माझी काय कागदाची हुती व्हय?"

बिभीषणला हसू आलं. दिपालीला आलं नाही.

"आप्पा, त्यांना बोलू नका. पान मीच काढलंय."

सहादेवने तिच्याकडे पाहिलं.

"आई गेल्यापासून मला ती उभी काढता येत नाही. कितीदा काढली, आडवीच येते. दवाखान्यातल्यासारखी. मीच यांना म्हटलं, मारून टाका एकदाची."

"एकदा मेली की ती. परत कशाला मारता?"

बिभीषणने ताटातला धोंडा मोडला, तोंडात घातला नाही.

"मामा, ह्या महिन्यात जावयाला न्हाई म्हणत न्हाईत."

"टोपी मागितली, दिली. शर्ट मागा, देतो. हातातलं घड्याळ मागा. सासूच्या छातीवर पाय मागू नका, जावईबापू."

बिभीषणचा चेहरा उतरला. मग लाल झाला.

"चित्र हाय ते! संध्याकाळी छापखान्यात द्यायचंय. तुम्ही न्हाई लिहिलं तर कॉम्प्युटरवर टाइप करून टाकतो. कॉम्प्युटरला सासू नसती."

त्याने वाकून पानाचं टोक धरलं. सहादेवने पानावर पंजा टेकवला. दोघंही सोडेनात. टोपी मांडीवरून घरंगळून ताटात पडली, तुपात.

"फाटेल!" दिपाली ओरडली. "आप्पा, सोडा. अहो, तुम्ही तरी सोडा!"

बिभीषणने सोडलं. पानाला वरच्या कोपऱ्यात बोटभर चीर गेली होती.

सहादेवने पान आपल्याकडे ओढलं. तळहाताने सपाट केलं. बराच वेळ त्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"आडवी हुती ती दवाखान्यात," तो दिपालीला म्हणाला. "पर गप हुती का? नर्सला शीर घावंना. ह्या हाताला टोचलं, त्या हाताला टोचलं, मग पायाला. तू तिथंच हुतीस. काय म्हणाली तुझी आई तिला?"

दिपालीने खाली पाहिलं. तिला आठवत होतं.

सहादेवने डब्यातून ब्रश काढला, बनियनला पुसला आणि काळ्या शाईत बुडवला. बिभीषण मागे टेकला. म्हाताऱ्याने ऐकलं, असं त्याला वाटलं. सहादेवने करंगळी कागदावर टेकवली, श्वास धरला आणि अक्षरं काढली. पाटीवर काढायचा तशीच, जाड आणि सरळ. फुगा भरला. मग पेन्सिलीचं 'मी हरले' अंगठ्याने घासून पुसून टाकलं.

पान त्याने लेकीपुढे सरकवलं.

छातीवर बूट, कपाळातून रक्त, आणि तोंडापाशी दोनच शब्द :

'झालं तुझं?'

दिपालीने तोंडावर हात धरला. आधी ती रडतेय असं वाटलं. मग तिचे खांदे हसण्याने हलायला लागले.

"हे काय मामा?" बिभीषण म्हणाला. "मरणारं मानूस असं बोलतं व्हय? आता ह्याला माझ्या लोहबाहूनं काय उत्तर द्यायचं?"

"नर्सलाबी न्हाई सुचलं."

शाई ओली होती. आता ती खोडता येणार नव्हती. बिभीषण अक्षरांकडे बघत बसला. दिपालीने मागच्या गठ्ठ्यातून एक कोरा कागद ओढला. पेन्सिल हातात घेतली आणि थांबली.

"पण आप्पा, उठेल कशी? पाय तर छातीवरच आहे."

सहादेवने ताटातली टोपी उचलून झटकली. त्यातल्या त्यात न फुटलेला एक धोंडा शोधून जावयाच्या ताटात वाढला, वर तुपाची धार सोडली.

"जावईबापू," तो म्हणाला, "पाय काढा. तिला उठायचंय."