एका घराच्या दोन पाट्या

"नावाने शोधशील तर फसशील. आकड्याने शोध," असं जुने साहेब नोकरी सोडून जाताना म्हणाले होते, तेव्हा ती मनातल्या मनात हसली होती. मग नावं ठेवायची कशाला?

दुपारी सव्वातीनला इस्पितळाच्या संगणक विभागात तिचा फोन वाजला. नवजात कक्षाच्या मोठ्या सिस्टर होत्या.

"अगं, आमच्या टेबलावरचा स्क्रीन मुका झालाय."

"बंद पडलाय का?"

"बंद कुठला! खाटा दिसतायत, नंबर दिसतायत. पण वीस मिनिटं झाली, एक टिंग नाही. सात पोरं आणि वीस मिनिटं शांतता? माझी तीनच होती, ती गप्प झाली की मी आधी पिठाचा डबा बघायला धावायचे."

तिला हसू आलं नाही. खाटेजवळच्या यंत्रांचा आवाज बाळांची झोप मोडू नये म्हणून मुद्दाम बारीक ठेवलेला असायचा. कुणाचा श्वास अडखळला तर इशारा वाजायचा तो बाहेर, सिस्टरांच्या टेबलावर. आणि बरोबर वीस मिनिटांपूर्वी तिने फायरवॉलची साफसफाई केली होती.

फायरवॉल म्हणजे इस्पितळातल्या सगळ्या यंत्रांचा द्वारपाल. कुणी कुणाशी बोलायचं, याचे नियम त्याच्या वहीत. प्रत्येक यंत्राचा पत्ता म्हणजे एक आकडा, आणि आकडे कुणाच्या लक्षात राहणार, म्हणून प्रत्येकाला एक नाव. त्यात 'जुना प्रिंटर' असं एक नाव होतं. तिने नियमांमध्ये ते शोधलं. कुठेच नाही. म्हणजे वाली नाही. तिने तो पत्ता बंदीच्या यादीत ढकलला आणि चहा प्यायला गेली.

"सिस्टर, फोन ठेवू नका."

"नाही ठेवत. तू घाबरू नकोस आणि घाईही करू नकोस."

तिने 'नवजात' शोधलं. नियम जागच्या जागी. पुन्हा 'जुना प्रिंटर' शोधलं. बंदीच्या यादीखेरीज कुठे काही नाही. मग तिने नाव पुसलं आणि नुसता आकडा घातला.

दोन ओळी वर आल्या. एक तिची, बंदीची. दुसरी नवजात कक्षाच्या नियमातली. तिथे एकेका यंत्राचं नाव नव्हतंच. चाळीसपासून पन्नासपर्यंतचे सगळे पत्ते, असा एकच पट्टा लिहिला होता, आणि तिने बंद केलेला सेहेचाळीस त्यात मुकाट बसला होता. प्रिंटर कधीच भंगारात गेला असणार. त्याचा पत्ता कुणीतरी सिस्टरांच्या स्क्रीनला देऊन टाकला आणि वहीतलं जुनं नाव तसंच राहिलं. एका घराला दोन पाट्या. तिने भाडेकरू सोडून गेल्याची पाटी वाचली आणि भरल्या घराला कुलूप ठोकलं.

तिने बंदी उठवली. बटण दाबलं. फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे कुणाच्या तरी चपला फरशीवर वाजत होत्या, बस्स.

"सिस्टर?"

"थांब."

आणि मग, टिंग.

"आला!" सिस्टर ओरडल्या. आत कुणाला तरी म्हणाल्या, "चार नंबर बघ गं." मग फोनवर, "काही नाही, आमचा नाटक्या आहे. लाथ मारून पायाची वायर काढलीय. इतका वेळ मारत असेल बिचारा, ऐकायला कोणी नाही."

"बाकीची सगळी…?"

"सगळी ठणठणीत. अगं, स्क्रीन गप्प झाला तशीच मी आत एकीला खाटांमध्ये उभी केली होती. यंत्राच्या भरवशावर पोरं वाढतात होय?"

पलीकडून चार नंबरचं रडणं ऐकू आलं, बारीक पण खणखणीत. तिला खुर्चीला टेकावंसं वाटलं, आज पहिल्यांदाच. टेकली, तेव्हा लक्षात आलं, कुर्ता छातीशी दुधाने ओला झाला होता. ओढणी पुढे ओढून तिने घरी फोन लावला.

"झोपलीय गं," सासूबाई म्हणाल्या. "दीड तास झाला. आज अगदी शहाण्यासारखी."

"आई, एकदा बघून या ना."

"आत्ता तर बघितलं."

"तरी."

चपला गेल्या, परत आल्या. "पाय तोंडात घालून पडलीय. डोळे टक्क उघडे. आवाज म्हणून नाही, लबाड कुठली!"

ती हसली, मग डोळे पुसले. आणि तुम्ही, हे वाचणारे, तिचं एवढं ऐका. तुमच्याही घरात आतल्या खोलीत कोणी बराच वेळ गप्प असेल. उठा, एकदा बघून या.