हलकी सायकल

उद्या क्लबची चढावरची शर्यत, आणि वेंडेलची सायकल त्याचा स्पर्धक रॉस्कोच्या सायकलपेक्षा जराशी जड! मग काय, पठ्ठ्याने सीटखालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीवरचा अ‍ॅनोडाइझिंगचा लाल थर उतरवायचं ठरवलं, तेवढंच वजन कमी! गॅरेजमध्ये बादलीभर पाण्यात तुंबलेलं सिंक मोकळं करायची पावडर टाकली, त्यात दांडी बुडवली आणि हा आपला हॉकीची मॅच बघत बसला. येऊन बघतो तर बादलीत नुसतं काळं पाणी, दांडी पार विरघळलेली!

"आता बसणार कशावर, माझ्या डोक्यावर?" बायको कोरीन ओरडली.

सकाळी बिनसीटची सायकल क्लबच्या वजनकाट्यावर चढली, सगळ्यात हलकी भरली, आणि रॉस्कोचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने वेंडेलला हळूच बाजूला ओढलं.

"भावा, कोणती पावडर रे? आणि हँडल किती वेळ बुडवायचं?"