रंगाचा आणखी एक हात

अंगावरचे वळ घेऊन बायको माहेरी निघून गेली, तेव्हा तिला परत आणायला त्याने अख्खं घर अ‍ॅक्वा रंगात रंगवायला काढलं. तिला हवा असलेला तो भडक निळा-हिरवा रंग त्याने सात वर्षं घरात येऊ दिला नव्हता. आता मात्र तो रंगाऱ्याच्या मागे उभा राहून कोपरान् कोपरा तपासायचा आणि प्रत्येक खोलीचा फोटो तिला पाठवायचा.

ती आली, पण दारातच थांबली. सोबतचा भाऊ म्हणाला, "ताई, भावोजी खरंच बदललेत गं. आत येऊन बघ तरी."

तिने शिडीवरच्या रंगाऱ्याकडे पाहिलं. "दादा, पंधरा दिवस तुम्ही इथे आहात. खरं सांगा, कसे वागतात हो हे?"

रंगाऱ्याला वेळेवर चहा मिळाला होता, चढा आवाज एकदाही ऐकू आला नव्हता. तो मनापासून म्हणाला, "ताई, देवमाणूस आहे. तुमचं नाव घेतल्याशिवाय घास उतरत नाही त्यांच्या घशाखाली."

ती आत आली. प्रत्येक खोलीत जाऊन भिंती बघताना कितीतरी दिवसांनी हसली. भाऊ तिची बॅग ठेवून निर्धास्त परतला.



तीन महिन्यांनी रंगाऱ्याला तिच्या नवऱ्याचा फोन आला, "बेडरूमच्या भिंतीवरचे डाग घासूनही निघत नाहीयेत, आजच येऊन एक हात मारून द्या, रंग आता कुठलाही चालेल."