चारशेवा पक्षी

विद्युल्लताबाईंनी दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतली, तेवढ्यात सुकुमारआप्पा म्हणाले, "उडाला की, बाई. तुमच्या मागं."

बाई गर्रकन वळल्या. कमरेएवढं गवत हलत होतं. बस्स.

सदलग्याच्या माळावरचा हा त्यांचा तिसरा श्रावण. बेळगावच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून वहीत तीनशे नव्याण्णव पक्षी झाले होते. चारशेवा तणमोरच हवा, असा हट्ट. तो गवतातून उंच उडी घेतो आणि क्षणात पुन्हा गवतात. तो क्षण नेमका बाईंच्या पाठीमागे यायचा. त्या उलट्या तोंडाने बसून पाहत, चहाचा घोट घेता घेता अचानक मागे वळत. दिसायचा तो फक्त म्हशी चारणाऱ्या आप्पांना.

"तुमाला वळखतोय त्यो," आप्पा हसायचे.

गेल्या महिन्यात आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. बाईंनी पक्ष्यांचं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. "आता बघा, स्वच्छ दिसेल."

आप्पांनी काळा चष्मा काढला. चित्र जवळ धरलं, लांब धरलं.

"ह्यो कोण?"

"तणमोर. आपला."

"ह्यो न्हाय, बाई."

"अहो, गेल्या वर्षी तुम्हीच म्हणालात ना, हाच म्हणून?"

"गेल्या वर्षी मला काय दिसत हुतं? काळं कायतरी वर यायचं, एवढंच." त्यांनी चित्राखाली लिहिलेलं बोट ठेवून वाचलं. "हितं तर कोंबडीएवढा म्हटलंय. त्यो उभारला की तुमच्याएवढा हुतोय."

बाई हसल्या. आप्पा हसले नाहीत. ते बाईंच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होते. दोन्ही म्हशींनी चरायचं थांबवून तिकडेच तोंडं केली होती.

वारा पडला होता. तरी मागे गवत बाजूला सारल्यासारखा आवाज झाला. थांबला. पुन्हा झाला, जरा जवळून.

बाईंनी दुर्बीण छातीशी घट्ट धरली. वळल्या मात्र नाहीत.

"आप्पा," त्यांनी हळूच विचारलं, "उडाला का?"

"न्हाय," आप्पा म्हणाले. "आज चालत यायलाय."